रद्दीचे चिलखत

एका राज्यात धीरसेन नावाचा राजा राज्य करीत होता. नावात धीर होता, बाकी कुठे फारसा नव्हता. नवे पक्वान्न आधी आचाऱ्याने चाखायचे, नव्या घोड्यावर आधी मोतद्दाराने बसायचे, मग राजाने. एके दिवशी विहीर खणताना जुना खजिना सापडला आणि त्यात निघाले डोक्यापासून पायापर्यंतचे एक काळेभोर चिलखत. राजाने आपल्या रीतीप्रमाणे ते आधी म्हाळू पहारेकऱ्याला घालायला लावले.

म्हाळूने ते घातले, आणि ते निघेना. सांधा दिसेना, खिळी सापडेना. लोहारांचे घण मोडले. वर ते रोज तांदळाच्या दाण्याएवढे आवळू लागले. राजवैद्य म्हणाले, "पौर्णिमेपर्यंत श्वास पुरेल. पुढचं देव जाणे."

म्हाळूची बायको भिवरा. गावदेवीच्या जत्रेत देवदैत्यांची सोंगे नाचत, त्यांची चिलखते आणि मुकुट ती घरीच घडवी. रोज ती राजवाड्याच्या देवडीवर येई आणि शिरस्त्राणाच्या फटीतून पपईच्या देठाची नळी घालून नवऱ्याला पेज पाजी. एकदा अशीच पाजत असता कमानीवर बसलेला धनेश पक्षी बोलला. त्या काळी धनेश बोलत. आता ऐकून घेणारे उरले नाहीत, म्हणून गप्प असतात.

"बाई, हे चिलखत लोहदंत जादूगाराचं. उतरायचं असेल तर त्याच्याकडेच उतरेल."

"वाट कशी आहे?"

"तीन दारांची. पहिलं चुंबकाच्या डोंगरात, तो लोखंड ओढून घेतो आणि सोडत नाही. दुसऱ्यात वाळवी, ती कागद, लाकूड, कातडं काही ठेवत नाही. तिसऱ्यात डोह, जड ते बुडतं."

"मग मी ही अशीच जाते."

"दार उघडणार नाही. ती दारं वीरालाच उघडतात. आता दाराला वीर कसा कळावा? त्याला चिलखत तेवढं कळतं."

भिवराने पदर खोचला. "एवढंच ना? मग हे माझ्या घरचंच काम."

राजाने तिला पोलादी चिलखत देऊ केले. ती म्हणाली, "महाराज, ते नको. दप्तरखान्यातली रद्दी द्या." बारा बोचकी जुने हुकूम निघाले. त्या हुकमांचा कोणाला उपयोग झाला तो तेव्हाच पहिल्यांदा. तिने ते रांजणात भिजवले आणि मूठ मूठ मेथ्या घालून उखळात कुटले, कारण मेथ्यांच्या कडूपणाला कीड तोंड लावत नाही. पालथ्या घागरीवर थापून छातीचा भाग केला, कढईवर थापून खांदे. वर चिंचोक्यांची खळ लावून जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचे थर दिले. गुडघ्यांना आणि कोपरांना करवंट्या, डोक्याला अर्धा वाळका भोपळा, तेही लगद्याने मढवून. शेवटी काजळाचा हात, त्यावर अभ्रकाची पूड आणि त्यावर डिंक. उन्हात धरले की पोलादाने लाजावे.

पण लगदा लवकर वाळतो थोडाच! तिने सगळे तुकडे देवडीपुढच्या अंगणात मांडले आणि म्हाळू जागच्या जागी उभा राहून कावळेबकऱ्या हाकू लागला. पहाऱ्याचे काम त्याने तेवढ्यातही सोडले नाही. इकडे लगदा ओला आणि तिकडे लोखंड आवळत चाललेले. भिवराचा जीव टांगणीला लागला.

"धनी, अजून कच्चंच आहे हो."

"मग घाई करू नकोस," आतून आवाज आला. "कच्चं नेशील तर वाटेत चुरेल. मी जरा आवरून श्वास घेतो."

पौर्णिमेला चार दिवस उरले, तेव्हा ती निघाली.

पहिल्या दाराने चिलखत पाहिले आणि मुकाट उघडले. डोंगरावर शूरवीर चिकटले होते, भिंतीला गोवऱ्या थापाव्यात तसे. तिने हाताला लागले त्यांना पाणी पाजले आणि ती पुढे गेली. दुसऱ्या दारात वाळवी तिच्या छातीपर्यंत चढली, कडू लगद्याचा एक घास घेऊन ती वाळवी आल्या वाटेने परत फिरली. तिसऱ्या दारात भिवराने कमरेला चार सुके दुधी भोपळे बांधले, गावची पोरे पोहायला शिकताना बांधतात तसे, आणि डोह पार केला. पैलतीर येईतो चिलखताच्या कडा मऊ पडल्या होत्या.

समोर गुहेत लोहदंत बसला होता, तोही नखशिखांत चिलखतात.

"तिथेच थांब, बाई. जवळ आलीस तर माझा हात तलवार उगारील. तो माझं ऐकत नाही, चिलखताचं ऐकतो."

"मग उतरवून ठेवा की ते. आणि माझ्या नवऱ्याच्या अंगात अडकलंय तेही उतरवा."

"मला उतरवता आलं असतं तर!" लोहदंत म्हणाला. "तीनशे वर्षांपूर्वी मी सगळ्या जगाला भ्यायलो. कोणालाच उघडू नये असा मंत्र घातला, तो मलाही लागू झाला. इथलं उघडल्यावाचून तुझ्या नवऱ्याचं उघडणार नाही. आणि चिलखत घातलेल्याला याची खिळी दिसत नाही."

"तीनशे वर्षांत आलेल्या कोणीच आपलं उतरवलं नाही?"

"डोक्यावर तलवार असताना? कोण उतरवील?"

भिवरा भ्यायली. उगाच खोटे कशाला सांगा, तिला परत जावेसे वाटले. पण तिकडे एक माणूस श्वास आवरून उभा होता, आणि तिच्यावाचून त्याला कोणी नव्हते. ती पुढे झाली. तलवार वर उठली.

सोंगवाल्याला घटकेत दैत्य आणि घटकेत देव व्हायचे असते; म्हणून सोंगाच्या चिलखताला काखेत एकच सुरगाठ मारतात. भिवराने ती ओढली. छाती, खांदे, करवंट्या सगळे भराभर पायाशी पडले. तलवार तिच्या भांगापर्यंत आली आणि थबकली. चिलखत फोडणे एवढेच तलवारीला ठाऊक होते. फोडायला काही उरले नव्हते. भिवराने लोहदंताच्या काखेत चाचपले, खिळी लागली, तिने उपसली.

आतून शेंगेतल्या दाण्याएवढा म्हातारा निघाला. "वारा लागतोय," तो म्हणाला, आणि दोन्ही हात पसरून वाऱ्यात उभा राहिला. डोहाचे पाणी घोट्याएवढे झाले, वाळवी मातीत गेली, आणि डोंगरावरचे वीर सुटून आपापल्या घरी निघाले.

पौर्णिमेच्या सकाळी भिवरा देवडीवर पोचली. म्हाळूचा श्वास आता जेमतेम चालला होता. तिने काखेत हात घातला, खिळी उपसली, आणि चिलखत खणखणत फरशीवर पडले. राजा खाली मान घालून आला. त्याने खजिना पुन्हा गाडायला लावला आणि हुकूम काढला की यापुढे नवी वस्तू आधी राजा वापरून पाहील. तो त्याने पाळलाही.

म्हाळूने पोटभर श्वास घेतला. लोक सरसावले, आता हा काय बोलतो म्हणून सगळे कान देऊन उभे राहिले.

"भिवरे," तो म्हणाला, "आधी पाठ खाजव गं. वीस दिवस झाले."

तीन दारांत जिच्या डोळ्याला पाणी आले नव्हते ती भिवरा त्याची पाठ खाजवता खाजवता रडली. जसे त्याचे अंग मोकळे झाले, तसे ऐकणाऱ्यांचे होवो.