दोन बाह्यांचा पुरावा

लग्न झालं म्हणून मला बोलायला काही सुचू लागलं नाही, पण विणायला वेळ मिळाला. सासूबाई शनिवारच्या शेतकरी बाजारात पेरू विकत. त्यांच्या पाटीशेजारी मी माझे स्वेटर मांडले. बाजाराचा नियम एकच: माल घरचा हवा, नाहीतर जागा गेली.

पहिल्याच शनिवारी बाजारप्रमुख रंगनाथराव ढमढेरे लवाजमा घेऊन आले. एक स्वेटर झटकून गरजले, "हा कारखान्यातला माल आहे. उचला दुकान!"

माझ्या विणकामाची एवढी स्तुती आजवर कुणी केली नव्हती. पण जागा जात होती, तेव्हा तोंड उघडावंच लागलं.

"साहेब, जरा बाह्या जुळवून बघा."

त्यांनी जुळवल्या. डावी चांगली दोन बोटं आखूड निघाली.

"डावी विणताना सासूबाई समोर बसल्या होत्या, म्हणून वीण घट्ट आली. उजवीच्या वेळी त्या लेकीकडे गेल्या होत्या, ती ऐसपैस झाली. कारखान्यातल्या मशीनला सासू नसते, साहेब."

आजूबाजूचे भाजीवाले खो खो हसले. ढमढेऱ्यांनी स्वेटर खाली ठेवला आणि ते पुढे सरकले. जागा वाचली.

सासूबाई पेरू तोलता तोलता शांतपणे म्हणाल्या, "यापुढे दोन्ही बाह्या माझ्यासमोरच विणायच्या हं, सूनबाई."