केवडवेळेची सुईण

केवडवेळेच्या किनाऱ्यावर घरांपेक्षा केवड्याची बनं जास्त होती, त्या काळातली ही गोष्ट. खाडीत ऊद, म्हणजे पाणमांजरं, पोहायची, कांदळवनात कोल्ही व्यायची, आणि थंडी पडली की समुद्रातून कासवी वर यायच्या. केवड्याच्या मुळांशी वाळू उकरून अंडी घालायच्या.

गावात दुरपा नावाची सुईण होती. सगळ्या गावाची नाळ तिनंच कापलेली. तिच्या हातून एकही मूल गेलं नाही, असं म्हणतात.

पुढे गावच्या खोताला दुमजली माडीची हौस आली. त्यानं बन तोडलं, खालची वाळू गाड्या भरभरून नेली. कुणी चकार शब्द काढला नाही. कसा काढणार? निम्मा गाव त्याच गाड्या हाकत होता. मग समुद्र आत आला. कासवी नेहमीसारख्या आल्या, पण उरलेल्या पट्ट्यात भरतीचं पाणी शिरायचं आणि अंडी जागीच कुजायची.

दुरपेला ते बघवेना. तिनं घरटी उकरली, अंडी पाट्यांत भरली आणि डोक्यावरून मागच्या वाळूच्या टेकाडावर नेली.

खोत माडीवरून ओरडला, "दुरपे, आता कासवांची बाळंतपणं काय? बारशाला बोलव हो!"

"बोलवीन की! पन वाळू तुमी न्हेलीत, खोतानू. पाळना मी कुठनं आनू?"

सुईणच ती. प्रत्येक अंडं तिनं बाळासारखं कोमट पाण्यानं धुतलं, पुसलं, उलटंसुलटं करून न्याहाळलं आणि मग वाळूत निजवलं. शेवटच्या पाटीपर्यंत हात गळून गेले, म्हणून तेवढी अंडी होती तशीच अलगद मांडली.

दोन महिने ती टेकाडावर बसून राहिली. शेवटच्या पाटीतली पिल्लं निघाली, तुरुतुरु समुद्रात गेली. बाकीचं एकही नाही. तिनं अंडी फोडून पाहिली. आत इवले जीव कवचापासून सुटून मेलेले. आई जसं ठेवते तसंच, न उलटता, अंडं राहायला हवं, हे तिला तेव्हा उमगलं.

"माज्याच हातांनी गो," एवढंच ती म्हणाली.

पुढच्या थंडीत ती पुन्हा पाट्या घेऊन आली. आता अंडं उचलण्याआधी ती त्याच्या वरच्या अंगाला काजळाची तीट लावी, आणि तीट वरच राहील असं ते नव्या जागी ठेवी.

पिल्लं निघायच्या बेतात असताना अवेळी वादळ आलं. गाव देवळाकडे पळाला.

"आत्ये, चल गो!" लोकांनी दुरपेला हाका मारल्या.

"अडलेली बाय सोडून सुईन जाते काय रे?"

तीन दिवस ती लाटांकडे पाठ करून घरट्यांवर पालथी पडून राहिली. चौथ्या दिवशी समुद्र उतरला, तेव्हा दुरपा तिथं नव्हती. टेकाडावरून पाण्याकडे कासवीचा माग गेला होता, बैलगाडीएवढा रुंद, असं म्हणतात. आणि त्या मागावरून हजारो पिल्लं समुद्रात उतरत होती.

आज तिथं राष्ट्रीय उद्यान आहे. फाटकावरच्या फलकावर मंत्र्याचं नाव आहे, दुरपेचं नाही. पण तीट लावल्याशिवाय तिथला रखवालदारही अंड्याला हात लावत नाही. आणि एखाद्या घरट्यातून एकही पिल्लू निघालं नाही, तर केवडवेळेत त्या दिवशी चूल पेटत नाही. दुरपेचं सुतक म्हणतात त्याला.

यंदा सात वेळा चुली थंड राहिल्या.