भेगेकाठची साळू आणि ज्वालामुखीवरची रानबकरी

मुलांनो, समुद्राकाठच्या एका जंगलात अंगभर काटे असलेली एक साळू राहत असे. जमिनीला पडलेल्या एका लांबलचक भेगेच्या काठी तिचे बीळ होते. भेगेच्या टोकाशी एक ज्वालामुखी होता. पण तो इतकी वर्षे शांत होता की त्याच्या उतारावर गवत माजले होते आणि रानबकऱ्यांचा कळप तेथे सुखाने चरत असे.

एके सकाळी भेगेकाठची जमीन अशी हादरली की साळूचे बीळ ढासळले. आपल्या दोन पिलांना मातीतून कसेबसे उकरून काढून ती ज्वालामुखीच्या डोंगरावर आली. कळपातल्या म्हाताऱ्या रानबकरीने तिला कपारीत जागा दिली. "घाबरू नकोस, पोरी. भेग राहिली तिकडे खाली. आमच्या डोंगराला तिचे काय?" साळूला हायसे वाटले. पण हादरे थांबले नाहीत, रोज ते अधिक जवळून जाणवत, आणि तिसऱ्या दिवशी कपारीतली जमीन तिच्या पोटाला गरम लागू लागली. झऱ्याच्या पाण्याला कुजकट वास येऊ लागला आणि तहानलेली करडेही त्याला तोंड लावीनात.

ज्यांनी आसरा दिला त्यांनाच घर सोडा म्हणायला साळूची जीभ रेटेना. शेवटी ती रानबकरीजवळ गेली. "आजी, भेगेचे हादरे रोज थोडे थोडे तुमच्या डोंगराकडे सरकत आहेत. त्यांनी डोंगराला जागे केले आहे. आपण इथून निघू या."

"आणि माझी काल जन्मलेली नात?" रानबकरी चिडली. "तिचे पाय अजून लटपटतात. तुझे घर मोडले म्हणून आमचेही मोडतेस?"

साळूच्या डोळ्यांत पाणी आले, पण ती जागची हलली नाही. "पिलांना मातीतून उकरायची वेळ तुमच्यावर येऊ नये, एवढेच म्हणते. एकदा झऱ्याचे पाणी तरी पाहा."

रानबकरीने झऱ्यात तोंड घातले आणि चटका बसून मागे घेतले. परत येऊन तिने नातीला नाकाने ढकलून उभे केले. "चला," ती कळपाला म्हणाली. सगळे नदीपलीकडच्या माळावर पोहोचले आणि दुसऱ्याच दिवशी डोंगराचे तोंड फुटले. ज्या उतारावर कळप चरत असे, तेथून तापलेला लाव्हा वाहत गेला.

काही दिवसांनी डोंगर निवला. साळूला आपल्या जागेची ओढ लागली. पिलांना घेऊन ती निघाली, तोच रानबकरी आडवी आली. "थांब, पोरी. मी कालच तिकडे जाऊन आले. पोटातले सगळे ओकून डोंगर खाली खचला आहे, आणि पायथ्याची जमीन तुझ्या भेगेकडे तडकत चालली आहे. तुझ्या भेगेने माझ्या डोंगराला उठवले. आता माझा डोंगर तुझ्या भेगेला ओढतो आहे. तेव्हा मी तुझे ऐकले, आज तू माझे ऐक."

साळू थांबली. त्याच संध्याकाळी भेग पुन्हा सरकली आणि काठची मोठमोठी झाडे मुळांसकट आडवी झाली. साळू बराच वेळ तिकडे पाहत राहिली. मग तिने माळावरच्या मऊ मातीत नवे बीळ खणायला घेतले, आणि रानबकरी तिच्या पिलांना राखत जवळ बसली.

तात्पर्य : घरे वेगळी असली तरी त्यांच्याखालची जमीन एकच असते, म्हणून शेजाऱ्यावरचे संकट परके मानू नये, आणि त्याने दिलेला इशारा मनावर घ्यावा.