डोहातलं हरीण

लहानांनी ऐका, आणि मोठ्यांनी तर ऐकाच. फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की तिच्यातलं जंगल तोडून लोकांनी कधीच शेतं केली.

त्या जंगलाच्या कडेला एक गाव होतं. गावात एक मुलाणीण राहायची. तिचा नवरा मुलाणी, म्हणजे गावाची जनावरं अल्लाचं नाव घेऊन हलाल करणारा. तो वारला तेव्हा त्याची सुरी दिराकडे गेली आणि जहागीरदाराच्या गढीवरची चूल हिच्याकडे आली. बाई तोंडानं तिखट, पण तिनं रांधलेलं मटण खाताना कुणी मागे-पुढे बघत नसे.

गावाची एक रीत होती. शिकारीचं मांस शिजलं की देगचीचं झाकण काढायच्या आधी कुणीतरी उभं राहून सांगायचं, जनावर कसं मेलं. घरचं बकरं सगळ्यांदेखत कापलं जातं. रानातलं कुणी पाहिलेलं नसतं. गढीवर हे सांगायचं काम मुलाणीणीचं होतं.

एकदा जहागीरदारानं चार गावचे पाहुणे जेवायला बोलावले आणि सगळीकडे सांगत सुटला, की माझ्या हातच्या शिकारीचं हरीण खाऊ घालतो.

जेवणाच्या दिवशी सकाळी नोकरांनी हरीण आणून मुलाणीणीपुढे टाकलं. पोट फुगलेलं. मागच्या मांडीत बाण. मान कापलेली, पण कापाच्या कडा पांढऱ्याफटक. तिनं केसांत बोटं फिरवली तर हाताला शेवाळ लागलं.

"कुठं सापडलं हे?"

नोकर एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी एक जण म्हणाला, "डोहात. काल संध्याकाळी सरकारांनी बाण मारला, हे पळालं, सरकार घरी आले. आज सकाळी बघतो तर डोहात तरंगतंय. मग सुरी फिरवली."

"मेल्यावर?"

"सरकार म्हणाले, फिरवा."

तिनं हात धुतले आणि मसूर निवडायला घेतली.

मटणाचा वास येईना म्हणून जहागीरदार स्वतः चुलीपाशी आला. "भाभी, हरीण अजून तसंच?"

"ते कुत्र्यांना घाला, सरकार."

"बाण सोडताना मी बिस्मिल्ला म्हटलं होतं. चार जणांनी ऐकलंय."

"म्हटलं असेल. हरीण खायला चालतं, बाणाला धार होती, नावही घेतलंत. बाणानं मेलं असतं तर मी आत्ता कांदा कापत बसले असते. पण ते बाणानं मेलं की बुडून, सांगता येईल तुम्हाला? नाव बाणावर घेतलंत. पाण्यावर नाही घेतलंत."

"एवढं कोण बघतंय?"

"कुणी बघत नाही, म्हणून तर मला विचारतात."

जहागीरदारानं आवाज खाली आणला. "लेक बाळंतपणाला आली आहे ना? अंगात रक्त नाही म्हणतात तिच्या. मांडीचा एक अख्खा फरा घरी न्या. फक्त पाहुण्यांपुढे उभं राहून सांगा, हलाल आहे."

मुलाणीणीचा हात सुपात थांबला. पोरीला सातवा महिना होता. डोळे खोल गेलेले, पायरी चढताना भिंत धरायची. महिन्याभरात घरात मटणाचा रस्सा झाला नव्हता. मुलाणीणीनं हरणाच्या फऱ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

मग तिनं सूप पाखडलं. "भुकेनं जीव जात असता तर गोष्ट वेगळी. तेवढी सूट अल्लानं दिली आहे. पण ती अशक्त आहे, मरत नाही. मसूर खाईल."

"मग उद्यापासून या चुलीवर येऊ नकोस."

"बरं. आजची डाळ उतरवून जाते. पाहुणे उपाशी उठायला नकोत."

जहागीरदारानं हरीण नोकरांकडून शिजवून घेतलं. दुपारी चादर अंथरून पाहुणे दस्तरखानावर जेवायला बसले. दोन देगच्या आल्या. एक म्हातारा पाहुणा दाराकडे वळला. "सांग गं मुलाणीण, जनावर कसं मेलं?"

ती डोक्यावर पदर घेऊन निघायच्या तयारीत होती. "डाळ मी रांधली आहे, चाचा. तिची खात्री देते. दुसरी देगची माझी नाही. तिचं सरकारांना विचारा."

पुढे झालेले हात मागे आले. सगळे जहागीरदाराकडे बघायला लागले. खोटं तोंडाशी आलं होतं त्याच्या. पण ती दारातून हलली नव्हती, आणि नजरही खाली घेतली नव्हती.

"डोहात मेलेलं सापडलं," तो म्हणाला. "सुरी नंतर फिरवली."

मग म्हाताऱ्यानं आपली थाळी सरकवली. "डाळ वाढ, बाई. पोटभर वाढ." सगळ्यांनी डाळ खाल्ली. हरीण देगचीसकट मागच्या दारानं कुत्र्यांकडे गेलं.

हात धुताना जहागीरदार खालमानेनं म्हणाला, "भाभी, उद्या या."

"येते. पण बाण सोडलात की जनावरामागे जात जा. घरी येऊन झोपायचं नाही."

आठ दिवसांनी त्यानं ससा टिपला, काट्याकुट्यांतून धावत जाऊन जिवंत गाठला आणि अल्लाचं नाव घेऊन स्वतः सुरी फिरवली. धोतर फाटलं, गुडघे सोलले. त्या सशाचा रस्सा मुलाणीणीच्या लेकीनं वाटी चाटूनपुसून प्यायला. देताना मुलाणीणीनं सांगितलं, हा कसा मेला ते.

म्हणून सांगते: जिथं शंका आहे तिथून हात मागे घ्यावा, आणि का घेतला ते चारचौघांत बोलावं.