बारा चुलींचे गाव

पूर्वी मंदारनगरात राजा पुष्करसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका अमात्याच्या कुळात जन्माला आला आणि पुढे स्वतःही अमात्य झाला. त्याला एक खोड होती. एखादी गोष्ट का घडते हे कळेपर्यंत त्याला चैन पडत नसे. दरबारी लोक या खोडीला हसत, आणि अडचण आली की मुकाट्याने त्याच्याकडेच येत.

त्या राज्यात चुलीवर कर होता. जितक्या चुली, तितका कर. गावाचे तळे किंवा बांध दुरुस्त करायला राजकोशातून मदत मिळे, तीही चुली पाहूनच. शंभर चुली भरल्या तर मदत, नाहीतर नाही. कोणी लपवलेली चूल हुडकून दिली, तर त्या घराला दहापट दंड होई आणि दंडाचा चौथा हिस्सा हुडकणाऱ्याला मिळे.

राज्याच्या पूर्व टोकाला तिंदुकग्राम नावाचे गाव होते. तिथल्या तळ्याचा बांध दोन वर्षांपूर्वी फुटला होता. गावाचा मुख्य, ग्रामणी कपिल, तीनदा दरबारात विनंती घेऊन आला आणि तीनदा हात हलवीत परत गेला. चौथ्या खेपेला तो अगदी रडकुंडीला आला होता.

"महाराज, निम्मी शेतं पडीक झाली. पोरं नगराकडे निघाली. या पावसाआधी बांध झाला नाही तर गाव उठेल."

"सहाशे हात लांबीचा बांध, तोही बारा चुलींसाठी?" राजा म्हणाला. "कोश काय वाऱ्यावर पडला आहे?"

दरबारी हसले. बोधिसत्त्व हसला नाही, कारण त्याच्या डोक्यात किडा वळवळू लागला होता. बारा घरांच्या गावाला सहाशे हातांचा बांध लागला कशाला? आणि मुळात तो बांधला कोणी? त्याने राजाची परवानगी घेतली आणि साधी वस्त्रे नेसून तिंदुकग्रामला गेला.

दुपारी तो कोरड्या तळ्याच्या काठावर बसला. घाटाच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या होत्या. बारा घरांच्या बायका शंभर वर्षे पाणी भरत्या, तरी दगड इतका झिजला नसता. मग त्याने गावाकडे पाहिले. छपरे पुष्कळ होती, पण धूर मोजक्याच ठिकाणांहून निघत होता, आणि दिवस कलला तरी तो थांबेना. एका घरचा स्वयंपाक दुपारपासून संध्याकाळपर्यंत चालतो तरी कसा, असे मनाशी म्हणत तो त्यातल्या एका घराच्या अंगणात गेला.

अंगणात बायका पिठाच्या पराती घेऊन ओळीने बसल्या होत्या. ओळीच्या शेवटी एक म्हातारी होती, आणि तिच्या मांडीवर एक लहान मुलगी भुकेने रडत होती.

"आजी, इथं काही कार्य आहे का?" बोधिसत्त्वाने विचारले.

"कार्य कसलं आलंय, बाबा! पाळी लावलीय. माझी अकरावी." तिचे नाव सोमा. तिला बोलायला कोणीतरी हवेच होते. "पहिल्यांदा दोघा भावांनी चूल एक केली. तेवढा कर बुडाला, म्हणून राजानं बाकीच्यांचा वाढवला. मग आणखी दहा घरांनी चुली मोडल्या. पुन्हा वाढवला, पुन्हा मोडल्या. आता सगळ्या गावाच्या मिळून बारा उरल्यात. आमची पाळी येईतो ही पोर रडून रडून झोपते बघ."

इतक्यात कपिल तिथे आला. त्याने बोधिसत्त्वाला ओळखले आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले. तो गयावया करू लागला.

खरे सांगायचे तर चौथ्या हिश्श्याचा विचार बोधिसत्त्वाच्या मनात येऊन गेला. मोडलेल्या चुली लपवलेल्या ठरवून घरोघर दंड बसवला असता तर त्याच्या सात पिढ्या बसून खात्या. पण मांडीवरच्या मुलीने पुन्हा भोकाड पसरले, आणि त्या विचाराची त्याला लाज वाटली. तो उठला आणि काही न बोलता नगराकडे निघाला. मागे गावाने ती रात्र कशी काढली असेल ते गावच जाणे.

"चुली किती निघाल्या?" राजाने विचारले.

"बाराच, महाराज. घरं मात्र एकशे चाळीस आहेत."

राजाचा चेहरा लाल झाला. "म्हणजे चुली लपवल्या!"

"लपवल्या नाहीत, मोडल्या. कर वाढला की चुली विझतात, आणि चुली विझल्या की आपण कर वाढवतो. त्यांनी कर वाचवला आणि त्यापायी तळं घालवलं. आपल्या हाती तर ना कर आला, ना पीक."

"मग करायचं काय?"

"त्या गावच्या चुलीवरचा कर उठवा. बांध कोशातून घाला. तळं भरलं की त्या पाण्यावर भिजलेल्या शेतांतल्या पिकाचा सहावा हिस्सा घ्या. त्यातलाही थोडा गावातच राहू द्या, म्हणजे पुढं बांध खचला तर त्यांना इथवर हात पसरत यावं लागणार नाही."

"आणि पीक आलंच नाही तर?"

"तर माझ्या उपजीविकेसाठी दिलेलं गाव परत घ्या."

राजाला नवल वाटले. "दंडातला हिस्सा सोडलास, वर स्वतःचं गाव पणाला लावतोस. यात तुला काय मिळणार?"

"तिथं रोज संध्याकाळी एक मुलगी भाकरीसाठी रडते, महाराज. तिचं रडणं थांबेल."

राजाने होकार दिला. तिंदुकग्रामात दवंडी पिटली गेली. बांधावर माती टाकायला सगळे गाव लोटले, पण घरात चूल मांडायला कोणी धजेना. इतकी वर्षे पोळलेले लोक, दवंडीवर एकदम विश्वास कसा ठेवतील? महिना गेला, तरी चुली बाराच.

शेवटी सोमा आजी तळ्यातली माती पाटीत भरून घरी गेली. "दंड झाला तर या वयात माझ्याकडून काय नेतील?" ती म्हणाली. तिने चूल घातली, सारवली, चार दिवस वाळू दिली. पाचव्या दिवशी ती चूल पेटली तेव्हा अख्खे गाव दारात उभे होते, आणि बोधिसत्त्वही. पहिली भाकरी तिने अमात्याला दिली नाही. ती तिने नातीच्या हातात ठेवली. मुलीला चटका बसला. गरम भाकरी तिने कधी हातात धरलीच नव्हती. ते पाहून बायकांनी डोळ्याला पदर लावला, आणि दुसऱ्या दिवशी गावात मातीच्या पाट्यांची रीघ लागली.

तिसऱ्या वर्षी राजा स्वतः आला. सकाळी टेकडीवर उभे राहून त्याने भरलेले तळे पाहिले, हिरवी शेते पाहिली आणि तो बोटांवर धूर मोजू लागला. मध्येच त्याची गणती चुकली.

"एकूण चुली किती?"

"ठाऊक नाही, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "आता कोणी मोजत नाही."

त्या वर्षी तिंदुकग्रामाने चुलींच्या करातून कधी आले नव्हते इतके धान्य आपणहून दिले, आणि राजाने साऱ्या राज्यातला चुलीचा कर उठवला.

ही पूर्वजन्मीची कथा एवढी सांगून शास्ते भगवान आपल्या शिष्यांना म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा आज आनंद आहे. ग्रामणी कपिल मोग्गल्लान झाला, सोमा आजी ती विशाखा, आणि तो चौकस अमात्य मी होतो."

"आणि ती रडणारी मुलगी, भगवन्?" मागून एका भिक्षूने विचारले.

शास्ते हसले. "ती तूच. भिक्षेच्या रांगेत अजूनही सगळ्यांत पुढे असतोस."

सगळे हसले, तो भिक्षूही हसला. मग शास्ते म्हणाले, "दंड करण्याआधी कारण शोधावे. त्या जन्मी मी जोपासली ती प्रज्ञा पारमिता, म्हणजे शहाणपणाची परिपूर्णता, हीच."