दगडाचं सूत आणि भिवरा परटीण

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ते राज्य नेमकं कुठे होतं हे आता कुणालाच सांगता येत नाही. त्या राज्यातल्या एका डोंगरात अजब दगड सापडला. नखाने ओरखडलं, की त्याचे केसांसारखे धागे निघत. धाग्यांचं सूत होई, सुताचं कापड होई, आणि ते कापड आगीत टाकलं तरी जळत नसे.

राजा हरखून गेला. धान्याच्या कोठारांवर, सैन्याच्या तंबूंवर, मुदपाकखान्यात, सगळीकडे ते कापड चढलं. डोंगरात खाण खोदली गेली आणि आसपासच्या गावांतली माणसं तिथे राबू लागली.

डोंगराच्या पायथ्याच्या गावात भिवरा नावाची परटीण राहायची. खाणीतल्या माणसांचे कपडे तिच्याकडे धुवायला येत. पाण्यात घालण्याआधी ती एकेक कपडा झटकायची. जात्याभोवती पीठ उडावं तशी पांढरी धूळ उडायची. भिवरा पदराने नाक पुसायची आणि पुढचा कपडा उचलायची. अशी पंचवीस वर्षं गेली.

तोवर गावात एक आजार शिरला होता. दगड फोडणारे धट्टेकट्टे पुरुष चार पावलं चालले की धापा टाकायचे. बरगडीत कळ यायची, अंगावरचं मांस झडायचं आणि माणूस जायचा. गावकऱ्यांनी विचारलं, तर प्रधान म्हणाला, "चिलीम ओढता ना? मग दुसरं काय होणार!" माणसं चिलीम ओढत होती, हे खरंच होतं. गाव खाली मान घालून परतलं.

आणि एके दिवशी धुण्याच्या घाटावरच भिवराचा श्वास कोंडला.

दरबारचे म्हातारे वैद्यबुवा गावात आले होते. त्यांनी घरी येऊन तिच्या पाठीवर बोटांनी टिचक्या मारल्या, कान लावून ऐकलं आणि ते मागे सरकून बसले.

"सांगून टाका, वैद्यबुवा," भिवरा म्हणाली.

"छातीत पाणी साठलंय. त्याच्यामागे गाठ आहे. आम्ही त्याला कर्करोग म्हणतो. त्याला माझ्याकडे औषध नाही."

"खाणीतल्या माणसांना हेच झालं होतं?"

वैद्यबुवांनी होकारार्थी मान हलवली. "बेचाळीस जणांच्या छातीत हाच आवाज ऐकलाय. पण प्रधानांनी मला मरणाच्या वहीत कारण म्हणून चिलीम लिहायला लावलं."

"मी तर चिलीम हातात धरली नाही कधी. खाणीतही गेले नाही. माझ्या नावापुढे काय लिहाल?"

तेवढ्यात बाहेर फाट् फाट् आवाज झाला. भिवराची सून कपडे झटकत होती. भिवरा भिंतीला धरून उठली.

"पोरी, थांब! आधी पाणी ओत त्यांच्यावर. झटकू नकोस."

"का हो, आत्याबाई?"

"माझ्या छातीत काय आहे ते मला कळलं, म्हणून."

दुसऱ्या दिवशी भिवराने खाणीतल्या न धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं बांधलं, धूळ उडू नये म्हणून वरून ओलं फडकं गुंडाळलं आणि ती राजधानीला निघाली. सुनेने गाठोडं बैलगाडीत ठेवलं. राजवाड्याच्या पायऱ्या मात्र भिवरा गाठोडं घेऊन एकटीच चढली. चार पायऱ्या चढायची, बसायची, पुन्हा चढायची. पहारेकऱ्याने हात पुढे केला, तर म्हणाली, "राहू दे बाबा. मी कशी चढते ते वरच्यांना बघू दे."

राजाने तिचं म्हणणं ऐकून घेतलं. प्रधान मात्र हसला.

"बाई, तू खाणीत पाऊलही ठेवलं नाहीस. मग दगडाने तुझं काय केलं?"

"तेच तर सांगायला आलेय. मी फक्त तुमच्या माणसांचे कपडे झटकले."

"तुझं वय झालंय. महाराज तुला चांगल्या हवेच्या गावी घर देतील. शांतपणे राहा."

"मला दुसरं गाव नको. माझ्या गावाची हवा नासवलीत, ती सुधारा."

प्रधानाचा चेहरा उतरला. "महाराज, दगड निर्धोक आहे. मी शब्द देतो."

भिवराने गाठोडं त्याच्या पायांपुढे सरकवलं. "मग यातला एक सदरा झटकून दाखवा. एकच. मी पंचवीस वर्षं झटकलेत."

तिने गाठीला नुसता हात लावला. गाठ सुटलीही नव्हती, तोच प्रधान तीन पावलं मागे सरला आणि त्याने उपरण्याने नाक झाकलं.

राजाने मान वळवून प्रधानाकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," भिवरा हळूच म्हणाली.

तेव्हा वैद्यबुवा उठले. त्यांनी बेचाळीस नावं एकेक करून उच्चारली आणि प्रत्येक नावापुढे सांगितलं, "चिलमीने नाही, दगडाने." शेवटी म्हणाले, "मी खोटं लिहिलं, महाराज. मलाही शिक्षा द्या."

राजाने प्रधानाला तुरुंगात टाकलं आणि वैद्यबुवांची दरबारातली जागा काढून घेतली. खाण बुजवली गेली. कोठारांवरचं कापड भिजवून खोल खड्ड्यात पुरलं. लोक कुरकुरले, की आता आगीचं काय? राजाने कोठारांजवळ पाण्याचे हौद बांधायला लावले.

भिवरा काही वाचली नाही. खाण बुजली त्याच महिन्यात ती गेली. आत गेलेली धूळ दबा धरून बसते, त्यामुळे पुढची तीस वर्षं त्या गावात माणसं याच आजाराने जात राहिली. पण एकाही माणसाच्या नावापुढे पुन्हा चिलीम लिहिली गेली नाही. आणि भिवराची सून कपडे न झटकता, आधी पाणी ओतून, म्हातारी होईपर्यंत घाटावर कपडे धूत राहिली.

तात्पर्य: ठाऊक असून लपवलेलं संकट हा दैवाचा घाला नसतो, तो माणसाचा गुन्हा असतो, आणि तो ज्याने केला त्याला तोंडावर सांगावा लागतो.