अठ्ठ्याण्णव खळग्यांचं इडलीपात्र

"हे इडलीपात्र आहे!" सीमाशुल्काच्या प्रभुदेसाई साहेबांनी काळा प्लास्टिकचा ट्रे टेबलावर आपटला.

"साहेब, हा रोपांचा ट्रे आहे," केशर थोरवे म्हणाली. जुन्नरजवळ तिच्या वडिलांची नर्सरी. टोमॅटोची रोपं करायला त्यांनी परदेशातून पाच हजार ट्रे मागवले होते, ते बंदरात अडकले होते. "कागदावर जकातीचा कोड ३९२६ लिहिलाय. प्लास्टिकच्या इतर वस्तू."

"आणि मी म्हणतो ३९२४! स्वयंपाकघरातल्या वस्तू! खळगे आहेत, खळग्यांना खाली भोकं आहेत. माझ्या घरी अगदी असंच आहे, मायक्रोवेव्हचं!"

"एवढ्याशा इडल्या?"

"मिनी इडल्या! सांबारात सोडायच्या. मला शिकवू नका बाई. चुकीचा कोड लिहिलात, माल जप्त!"

सोमवारी बी पेरलं नाही तर हंगामच हातचा जाणार होता.

"इडलीपात्र नाही हे दाखवून दिलं तर?"

"द्या की! पाच वाजेपर्यंत. पण माती नाही, बी नाही, आणि नमुना होता तसा परत हवा. जरा जरी वाकला तरी माल गेला!"

केशरनं ट्रे हातात घेऊन वजन पाहिलं. "चालेल. साडेचारला कॅन्टीनमध्ये या."

साहेब आले, मागोमाग अर्धं ऑफिस. कॅन्टीनवाल्या अण्णांच्या पातेल्यात पाणी खळखळत होतं. शेजारी इडलीचं पीठ. केशर ट्रे पातेल्यावर धरायला निघाली होती. "आधी पात्र जरा तापवते, मग पीठ घालते."

"अहो, काय करताय!" साहेब धावले. "वाफेवर नको! वाकेल!"

"इडलीपात्र वाफेवर वाकतं?"

"हे... हे मायक्रोवेव्हचं आहे!"

"मग तो बघा कोपऱ्यात मायक्रोवेव्ह. अण्णा, लावा!"

"त्यात तर मुळीच नको! पत्रावळीसारखा पातळ आहे, गोळा होईल त्याचा!"

"मग हा घ्या, होता तसा परत." केशरनं ट्रे त्यांच्या हातात ठेवला. "आता यात इडली कशी करायची, तेवढं लिहून द्या साहेब. पीठ तयारच आहे!"

साहेबांनी ट्रेकडे पाहिलं, पिठाकडे पाहिलं, आणि पोट धरून हसत सुटले. तिथल्याच टेबलावर त्यांनी स्वतःच्या हातानं ३९२६ लिहून सही ठोकली.

"माल आजच सोडा! आणि बाई, आमच्या आवारात झेंडू लावायचाय. पाचशे रोपं तुमच्याकडूनच!"